बिनफीची जागा

कढईतलं दूध आटत आलं होतं. सत्यभामा उलथन्यानं तळ खरवडत होती, तेवढ्यात भट्टीचे मालक रणधीरराव शेजारी येऊन उभे राहिले. एवढ्या धगीत ते एरवी येत नसत.

“शिवांजली लई हुशार निघाली, बाई. सर सांगत होते.”

“तुमची कृपा, मालक.”

“उद्या निवड हाय. जिंकंल ती धाराशिवला खेळायला जाणार. आमची नंदिनी तर कवाच बॅग भरून बसलीय.” ते हसले. “पोरगी समजूतदार हाय न्हवं तुमची?”

सत्यभामेचा हात थांबला. खवा खाली लागेल म्हणून लगेच फिरूही लागला.

“व्हय, मालक.”

“मग धाकटीलाबी पाठवा सोमवारपास्नं. फी नको.”

शाळा सुटल्यावर मालकांच्या बंगल्यात बुद्धिबळाचा क्लास चाले. बार्शीहून सर येत. भट्टीवरच्या बायकांच्या पोरांना तो फुकट होता, आणि ही गोष्ट भूममध्ये कुणाला ठाऊक नाही असं होऊ नये याची काळजी मालक स्वतः घेत. एरवी सत्यभामेला असला क्लास कुठून परवडायचा?

धाकट्या तुळजाला क्लासला घेतलंय, एवढंच तिनं घरी आल्याआल्या सांगून टाकलं. पण थोरली वर्षभर उद्याची वाट बघत होती, आणि तिला आईनंच सांगायचं, हर म्हणून! तिला मालकांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. भाकरी थापून झाल्या, पोरी जेवल्या, तरी जीभ रेटेना.

“शिवे,” शेवटी ती म्हणाली, “उद्या नंदिनीताईसंगं...”

“हरायचं हाय. म्हाईत हाय मला.” शिवांजलीनं मान वर केली नाही.

“कुणी सांगितलं?”

“सांगाय कशाला पायजे? मी तिच्यासंगं रोजच हरते. लई लवकर हरलं तर सर रागावतेत. दिसून येतं म्हणतेत.”

सत्यभामा पोरींजवळ येऊन बसली.

समोर पुठ्ठ्यावर आखलेला पट मांडून शिवांजली दुसरीतल्या तुळजाला खेळ शिकवत होती. तुळजानं वजीर सरकवला, बहिणीचा राजा कोंडला आणि टाळ्या पिटल्या.

“बरोबर,” शिवांजली म्हणाली. “आता ती चाल माघारी घे. जिंकायची चाल सापडली की ती सोडून दुसरी खेळायची. आन् हसायचं न्हाय.”

तुळजानं वजीर माघारी घेतला. मग आईकडं बघत तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.