पाच वर्षांची सही

व्यापारी मंडळाची वर्षअखेरची सभा औषधवाल्याच्या दुकानावरच्या हॉलमध्ये झाली, तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या माझ्या दादाने घेतल्या.

मंडळाचे सेक्रेटरी म्हणजे आमच्या रस्त्यावरचे कुलूप-किल्ल्यांचे दुकानदार. ते दरवर्षी एक कागद वाटतात. त्यावर प्रश्न एकच: येतं वर्ष धंद्याला कसं जाईल? खाली तीन चौकटी. चांगलं, आहे तसं, वाईट. त्यातल्या एकीत खूण करायची, नाव घालायचं आणि कागद परत द्यायचा. पाच मिनिटांचं काम, पण त्या दिवशी फारशी कुणाची पेन्सिल पुढे सरकत नव्हती. जो तो शेजारच्याच्या कागदात डोकावत होता.

शेवटी बेकरीवाला उठला. "दादा, तुम्ही सांगा. मोठा ओव्हन घ्यायचा माझ्या मनात आहे, पण धीर होत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

दादाला अख्खा रस्ता दादाच म्हणतो. बॅगा दुरुस्त करायचं त्याचं दुकान, चेन, चाकं, मुठी, अस्तर, काय तुटेल ते. एकतीस वर्षं एकाच जागी. तो उठला, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाला, "मी रोज रस्त्याकडे तोंड करून बसतो. माणसं परत पायी हिंडायला लागलीत, थांबून बघायला लागलीत. या रस्त्याला पुढचं वर्ष चांगलं जाणार. माझ्याकडून लिहून घ्या. घ्या ओव्हन!"

हॉल दणाणला. मी आधी 'आहे तसं'वर खूण केली होती. ती खोडली आणि वरच्या चौकटीत नवी केली. सेक्रेटरींनी तिथल्या तिथे मोजलं. चौतीसपैकी एकोणतीस 'चांगलं'. ते म्हणाले, "मंडळ स्थापन झाल्यापासून असं कधी झालं नाही."

मी दुकानांच्या पाट्या रंगवते. पेंटरबाई म्हणतात मला. छापील फ्लेक्स आले तेव्हा माझं काम जवळपास बंद पडलं होतं, पण अलीकडे लोकांना हाताने काढलेली अक्षरं पुन्हा आवडू लागलीत. सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच तीन जण दारात. एकाला पाटी मोठी हवी, एकाला नवी, एकाला जुन्याच पाटीवर सोनेरी किनार. मनात म्हटलं, दादाच्या तोंडात साखर पडो.

तिसऱ्या दिवशी एक अनोळखी माणूस आला. तिशीतला, नीटनेटका, बोलायला मऊ. चष्म्याचं दुकान काढतोय म्हणाला. बायको डोळे तपासणार, तो काऊंटर बघणार. खिशातून मापाचा कागद काढून त्याने माझ्यासमोर ठेवला. साडेअकरा फूट बाय अडीच. पार्श्वभूमी पांढरी, अक्षरं गडद निळी.

"जागा कुठली?" मी विचारलं. भिंतीवर ऊन किती येतं ते कळलं की रंग ठरवता येतो.

"याच रस्त्यावर. चौदा नंबर. बेकरीला लागून."

मी हसले. "नंबर चुकला तुमचा. चौदा नंबर माझ्या भावाचा आहे."

तोही हसला, पण जरा गोंधळून. "हो, त्यांनीच पाठवलं ना मला! म्हणाले, मागच्या गल्लीत माझी बहीण आहे, पाटी तिच्याकडूनच करा. एक तारखेपासून ताबा आहे आमच्याकडे."

माझ्या हातात ब्रश होता. टर्पेंटाइनच्या डब्यात तो बुडवायचा सोडून मी शेजारच्या चहाच्या कपात बुडवला, हे मला नंतर कळलं. तो माणूस पुढे काहीतरी बोलत होता, चष्म्याचं चित्र डाव्या बाजूला हवं की उजव्या, असलं काही. मी त्याच्या तोंडाकडे बघत बसले. साडेअकरा फूट बाय अडीच. ते माप मला पाठ असायला हवं होतं. दादाची पाटी मीच तीन वेळा रंगवली आहे.

"बाई, बरं वाटत नाही का तुम्हाला?"

"उद्या या," एवढंच कसंबसं म्हटलं आणि एप्रनसकट बाहेर पडले.

वाटेत माझं मन एकच धरून बसलं होतं: जागेच्या मालकाने दादाला फसवलं. त्याला न सांगता जागा दुसऱ्याला दिली आणि वर त्याचंच नाव पुढे केलं. आता ही गोष्ट दादाच्या कानावर घालायची कशी? एकतीस वर्षांनी माणसाला सांगायचं, की तुझ्या बुडाखालचं स्टूल काढून घेतलंय?

दुकानात दादा एका गिऱ्हाइकाच्या सूटकेसला चाक बसवत होता. मागे वहिनी शिलाई मशीनवर, एका जाड पट्ट्याला दुहेरी टीप घालत. तीस वर्षांतलं शिवणाचं सगळं काम तिच्याच हातचं. दादा गिऱ्हाइकाला सांगत होता, "बिनधास्त न्या. पुन्हा आवाज आला तर घेऊन या, कधीही."

कधीही! मला रडू यायला लागलं.

"दादा, जरा मागे ये."

"काय झालं? एप्रन काय घालून आलीस?"

"ये म्हणते ना."

दुकानाच्या मागे अरुंद बोळ आहे. तिथे रिकामी खोकी आणि बेकरीचे पत्र्याचे ट्रे रचलेले असतात. मी त्याचं मनगट धरलं. "दादा, मन घट्ट कर. एक माणूस आला होता माझ्याकडे. चष्मेवाला. तो म्हणतो…"

"आला का?" दादा म्हणाला. "चांगला मुलगा आहे. पाटी नीट कर त्याची."

मी मनगट सोडलं. मघाशी जो धक्का बसला होता तो काहीच नव्हता, आता खरा बसला. तो खाली बघत बोटाला लागलेलं ग्रीस पुसत होता.

"तुला माहीत आहे?"

"मीच सोडली जागा. मालक म्हणाला, आता करार पाच वर्षांचा करायचा. मी गेलो सही करायला. पेन उघडलं. आणि हात पुढे जाईना गं. पाच वर्षं! मला पुढचे पाच महिने दिसत नव्हते. चाक तुटलं की लोक बॅगच टाकून देतात. आठवड्याला वीस कामं यायची, आता चार येतात. मी पेन बंद केलं आणि म्हटलं, द्या दुसऱ्या कुणाला."

"कधीची गोष्ट?"

"सभेच्या आधीची. चार-पाच दिवस."

"आधीची?" माझा आवाज चढला. "आणि तू उभा राहून सगळ्यांना सांगितलंस, लिहून घ्या म्हणून?"

"मी खोटं बोललो नाही. या रस्त्याला वर्ष चांगलं जाणार म्हटलं. मला वाटतंच तसं. माझं चांगलं जाईल असं कुठे म्हणालो मी?"

मी आठवून बघितलं. खरंच म्हणाला नव्हता. आम्हीच ऐकलं होतं. पण म्हणून राग थोडाच कमी होतो!

"मला का नाही सांगितलंस? परक्या माणसाच्या तोंडून कळावं मला?"

"म्हणूनच त्याला तुझ्याकडे धाडलं," तो अगदी हळू म्हणाला. "माझ्या तोंडून निघालं नसतं. दोनदा तुझ्या दारापर्यंत येऊन परत गेलो."

"वहिनीला?"

त्याने मान हलवली. नाही.

आणि तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं, की मशीनचा आवाज येत नाहीये. कधीपासून येत नव्हता कोण जाणे. बोळाच्या दारात वहिनी उभी होती. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात तो अर्धवट शिवलेला पट्टा.

मला वाटलं, आता ती ओरडेल, रडेल, काहीतरी फेकेल. पण तिच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरला, की मी तिला धरायला पुढे झाले. तिने हाताने मला थांबवलं.

"किती तारखेला?" तिने विचारलं.

"एक," दादा म्हणाला.

"म्हणजे अकरा दिवस." तिने पट्ट्याकडे बघितलं. मग दादाकडे. "तुमचा हात पुढे गेला नाही, ठीक. मला हाक का नाही मारली? मी केली असती सही."

दादा बोटावरचं ग्रीस पुन्हा पुसायला लागला.

"पाच काय, दहा वर्षांची केली असती," ती म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने मशीन पुन्हा सुरू झालं. तिने तो पट्टा पुरा केला, गिऱ्हाइकाला दिला, बाकीचे सुटे पैसे मोजून हातावर ठेवले आणि शटर अर्धं ओढून घरी निघून गेली. दादाशी तिने त्या दिवसापासून बोलणं टाकलं.

बातमी संध्याकाळच्या आत रस्त्याच्या दोन्ही टोकांना पोचली. बेकरीवाला पिठाच्या हातांनी दादाच्या दुकानात शिरला. तो रागावलेला मी पहिल्यांदाच बघितला.

"दादा, मी ऑर्डर दिली हो ओव्हनची! तुमच्या शब्दावर! भिंत फोडायला माणसं यायची आहेत उद्या!"

"फोडा," दादा म्हणाला.

"कुठल्या तोंडाने सांगताय?"

"माझं तोंड सोडा. तुमच्याकडे सकाळी रांग असते का नसते? दुपारी बाराला पाव संपतो का नाही? मी रोज बघतो. तुमचा धंदा बघून बोललो मी, माझा बघून नाही. माझा बघितला असता तर त्या दिवशी सभेलाच आलो नसतो."

बेकरीवाल्याने हात काऊंटरवरून उचलले. मग काऊंटरवर उमटलेले आपल्याच हाताचे पांढरे ठसे बाहीने पुसले आणि निघून गेला. भिंत दुसऱ्या दिवशी फुटली नाही. तिसऱ्या दिवशी फुटली. त्याच्या मनात काय चाललं होतं, त्याने कुणाला सांगितलं नाही.

सेक्रेटरींकडे मात्र सात जण कागद बदलून मागायला गेले. सेक्रेटरी भयंकर चिडले. "मी कुलपं विकतो," ते म्हणाले, "पण हा कागद एकदा बंद झाला की माझ्याच्यानेही उघडत नाही."

चष्मेवाल्याची पाटी करायची नाही असं मी ठरवलं होतं. तो दुसऱ्या दिवशी आला तेव्हा बरोबर बायको होती. तिने नजर न उचलता विचारलं, "आमच्यामुळे झालं का हे सगळं?" सात-आठ महिन्यांचं पोट घेऊन ती उभी होती, आणि त्या दोघांनी पाच वर्षांच्या करारावर सही केली होती. मी स्टूल पुढे केलं, बस म्हटलं आणि निळ्या रंगाचा डबा उघडला.

पाटी चढवली त्या दिवशी जुनी खाली उतरवायलाही मीच होते. दादा शिडी धरून उभा होता. त्याला एका गोदामात मालाची नोंद ठेवायची नोकरी मिळाली होती, ती त्याने दोन दिवसांपूर्वी, भिंतीकडे बघत, घरात जाहीर केली. वहिनीने ऐकलं, पण कोणाला तरी भलत्यालाच सांगतोय अशा थाटात.

त्याच दुपारी ती माझ्याकडे आली. मागून हातगाडीवर शिलाई मशीन.

"तुझ्या खोलीचा पुढचा भाग रिकामाच असतो ना?"

"असतो की. पण वहिनी, रंगाचा वास…"

"तीस वर्षं चामड्याचा घेतला. कुठे ठेवू?"

आम्ही दोघींनी मशीन खिडकीपाशी लावलं. मी म्हटलं, पाटीवर काय लिहू सांगा, आज रात्रीपर्यंत करून देते. ती म्हणाली, "थांब. आधी माणसं येतात का बघू. नाही आली तर तुझा रंग फुकट."

पहिले चार दिवस कोणी आलं नाही. ती तशीच बसायची, मशीनला तेल घालायची, दोऱ्याची रिळं लावायची, परत काढायची. पाचव्या दिवशी एक बाई बाळाच्या गाडीचं फाटलेलं छत घेऊन आली. मग एका वाजवणाऱ्याच्या मोठ्या ड्रमची खोळ. मग शाळेतून एकदम नऊ दप्तरं. चाकं बसवता यायची नाहीत तिला, तसं ती सरळ सांगायची. "ते काम मला येत नाही. शिवण तेवढी द्या." लोक द्यायचे.

महिना होत आला असेल. शुक्रवारची संध्याकाळ. मी एका बोर्डवर रंगाचा पहिला हात मारत होते. दादा दारात उभा राहिला, गोदामातून थेट आलेला. पायरी चढावी की नाही अशा विचारात. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीचा एक बंद मुळापासून उसवला होता.

माझ्याकडे न बघता तो वहिनीला म्हणाला, "हे होईल का?"

पाच-सहा आठवड्यांनी ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. मान वर न करता. "गुरुवारी मिळेल."

"आज शुक्रवार आहे."

"माहीत आहे."

"अगं, मी रोज नेतो ती गोदामात."

"नंबराप्रमाणे काम होतं इथे. ठेवायची तर ठेवा."

एका घरात राहणारी माणसं ही! मी ब्रश खाली ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. दादाने पिशवी रिकामी केली. डबा, पाण्याची बाटली, पंचा, चष्म्याचं घर, घडी घातलेलं वर्तमानपत्र. सगळं छातीशी धरलं, पिशवी मशीनशेजारच्या ढिगात ठेवली, सर्वांत खाली, आणि पाण्याची बाटली हनुवटीने दाबून सावकाश पायरी उतरला.