मागितलं तेवढं, मागितल्या दिवशी

“पुन्यांदा वाच.”

मानसीनं मोबाईल डोळ्यांसमोर धरला आणि सासूला क्रेडिट कार्डाचा मेसेज तिसऱ्यांदा वाचून दाखवला. “एकूण बाकी एकोणसत्तर हजार. किमान भरणा तीन हजार सहाशे.”

“किमान म्हंजी?”

“कमीत कमी, आई. एवढे भरले की दंड लागत नाही. पण व्याज चालूच राहतं.”

“आन् मुद्दल?”

“ते जेमतेम हलतं.” तव्यावरची तांदळाची भाकरी एका बाजूनं काळी पडली आणि तिचा वास आला तेव्हा आक्काबाईला भान आलं. कार्ल्याच्या बंगल्यांवर मुंबईची माणसं जिच्या भाकरीसाठी शनिवारी मुक्काम करतात, तिची भाकरी करपली. तिनं ती तव्यावरून उचलली आणि चुलीमागं फेकली.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका बंगल्याच्या ओल्या पायरीवरून ती घसरली. खुब्याचं हाड मोडलं. सोमाटण्याच्या दवाखान्यात नव्वद हजार सांगितले. मुलगा प्रदीप उर्स्याकडच्या एका कंपनीत कंत्राटावर. त्यानं खिशातलं कार्ड काढलं, मशीनवर घासलं आणि आईला आत नेलं. भूल उतरल्यावर तिचं पहिलं बोलणं पाण्याचं नव्हतं. ती म्हणाली, “माजं हाड, माजं कर्ज. पोराच्या संसारात माज्या हाडाचा भार नगं.”

पहिले तीन हप्ते तिनं कानातलं मोडून भरले. चौथ्या महिन्यापासून काठी टेकत पुन्हा बंगल्यावर भाकऱ्या करायला जाऊ लागली. दर महिन्याच्या दहा तारखेला सकाळी प्रदीपच्या हातावर पैसे. “किती मागितल्यात?” एवढंच विचारायची. तो आकडा सांगायचा, ती मोजून द्यायची. तेवढेच. एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही.

त्याचं कारण होतं. गावातल्या बायकांचा बचत गट ती चौदा वर्षं चालवत होती. शाळेचं तोंड तिनं दुसरीपर्यंत पाहिलं, पण गटाचा एक पैसा तिनं बुडू दिला नव्हता. तिचा नियम एकच, ‘मागितलं तेवढं, मागितल्या दिवशी.’ कुणी बाई हौसेनं शंभर जास्त घेऊन आली, तर ते परत तिच्या पदरात पडायचे. “वहीत घोळ नगं करूस. लय झाल्यात तर पोराला अंडी खायला घाल.” गटाच्या हप्त्यात मुद्दलही असतं आणि व्याजही. दहा हप्ते झाले की बाई मोकळी. बँक म्हणजे काय, मोठा गट, असं आक्काबाईनं धरलं होतं.

प्रदीप एकदोनदा म्हणाला होता, “आये, जरा जास्त भरलं तर...”

“बँकनं मागितलं का? न्हाई ना? मग तू कोन दानशूर लागून गेलास?”

तो गप्प बसला. या घरात आईपुढं गप्प बसायची सवय त्याला लहानपणापासूनच होती. त्यात आकडा दर महिन्याला थोडा थोडा उतरत होता. साडेचार हजारांच्या वर होता, तो चार झाला, मग तीन हजार सहाशे. आक्काबाई गटाच्या बैठकीत सांगायची, “बगा गं, माजा हप्ता कमी व्हत चालला. येळंवर भरलं की बँक बी मान देती.”

आता ती पिठाच्या हातानंच भिंतीला टेकली. “समदं मिळून किती दिलं आपुन?”

“अठ्ठ्याण्णव हजार.”

“घेतलं नव्वद. दिलं अठ्ठ्यान्नव. आन् ऱ्हायलं एकोनसत्तर.” तिनं एकेक आकडा सावकाश उच्चारला. “मानसे, ही बँक हाय का गोचीड?” मग राग वळला तो जवळ होती तिच्यावर. “आन् तू गं? बारावी शिकलीस नव्हं? मेडिकलात बसून दुनियेची बिलं फाडतीस. दोन वर्सं घरातलं दिसलं न्हाई?”

“दोन वर्षं तुम्ही मला त्या पैशांना हात लावू दिला का?” मानसी आवाज न चढवता म्हणाली. “काल ह्यांचा फोन माझ्याकडे राहिला, म्हणून मेसेज उघडला.”

आक्काबाईनं नवा गोळा घेतला आणि थापायला लागली. भाकरी अर्धी झाल्यावर, वर न बघता म्हणाली, “मग आता?”

मानसी जवळ बसली. तिचा पगार ज्या बँकेत जमा व्हायचा ती बँक तिला कार्ड द्यायला तयार होती. जुनं कर्ज नव्या कार्डावर हलवायचं. बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात.

“हिकडच्या दावनीची म्हस तिकडच्या दावनीला. चारा तेवडाच खानार की.”

“कमी खाणार. इथं महिन्याला शेकडा साडेतीन, त्यावर टॅक्स वेगळा. तिथं वर्षभर शेकडा एक.”

“आन् कर्ज तुज्या नावावर?”

“हो.”

“माजं हाड तुज्या नावावर!” आक्काबाईनं भाकरी तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी दोघी सहा आसनी रिक्षातून लोणावळ्याला गेल्या. बँकेतली मुलगी पोरसवदा होती, पण मावशी म्हणाली आणि आधी खुर्ची दिली, म्हणून आक्काबाईनं तिला बरी ठरवली.

“हलवायची मजुरी किती?”

“शेकडा दोन, मावशी. एकदाच.”

“बारा म्हैन्यानं काय?”

“बारा समान हप्ते आहेत. मुद्दल आणि व्याज दोन्ही त्यात. बारावा भरला की संपलं. मधे चुकवलात तर मात्र नेहमीचा दर.”

“मुद्दल बी त्यातच? लिहून दे.”

मुलीनं कागदाच्या पाठीवर खरंच लिहून दिलं. आक्काबाईनं तो कागद मानसीकडे दिला. “वाच.” मानसीनं वाचला. “पुन्यांदा वाच.” पुन्हा वाचला. तेव्हा तिनं मान हलवली.

अडचण पुढं निघाली. मानसीच्या पगारावर पन्नास हजारच हलणार होते. एकोणीस हजार उरत होते.

रिक्षात मानसी म्हणाली, “माझ्या बांगड्या आहेत.”

“गप. तुज्या बांगड्या तुज्या आयबापानं केल्यात, माज्या खुब्यासाटी न्हाई.” तिनं बाहेरच्या भातखाचरांकडं तोंड फिरवलं. “गटातनं घेऊ.”

बोलून गेली आणि मग त्याचा अर्थ तिच्या ध्यानात आला. गटात कर्ज मागणाऱ्या बाईनं आपली जागा सोडून उंबऱ्याशी उभं राहायचं, रक्कम सांगायची, कारण सांगायचं, दोन जामीन मिळवायचे. कुणीही काहीही विचारावं, तिनं खरं सांगावं. हा रिवाज आक्काबाईनंच घातलेला. चौदा वर्षांत ती स्वतः त्या उंबऱ्याशी एकदाही उभी राहिली नव्हती. आणि उभ्या राहिलेल्यांना तिनं काय काय ऐकवलं होतं! तीन वर्षांपूर्वी चंपाचा हप्ता चुकला, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाली होती, “हप्ता चुकवनाऱ्या बाईनं आरशात बगू न्हाई.”

तिचा चेहरा बघून मानसी हळूच म्हणाली, “कारण घरदुरुस्ती सांगा. खोटंही नाही, पत्रे गळतातच.”

कार्ला फाटा येईपर्यंत ते पत्रे आक्काबाईच्या डोक्यात होते.

रविवारी चार वाजता, बंगल्यावरचे पाहुणे गेल्यावर, विहारात बैठक भरली. जयभीम झाला. गटाचा हिशोब लिहिणाऱ्या चिमाबाईनं वही उघडली. हप्ते गोळा झाले. मग आक्काबाई आपल्या सतरंजीवरून उठली आणि लंगडत उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली. बायकांना वाटलं, बाहेर निघाली.

“एकोनीस हजार पायजेत,” ती म्हणाली. “कारन...”

पत्रे अगदी जिभेवर आले होते. तिनं ते गिळले.

“कारन मी गाढव हाय.”

आणि तिनं सगळं सांगितलं. कार्ड, नव्वद, अठ्ठ्याण्णव, एकोणसत्तर. मागितलं तेवढंच कसं भरत गेली, पोराला कसं गप्प केलं तेही. “बँक मागती ती आपल्याला गुतवून ठेवायला मागती. आपल्या गटासारकं न्हाई ते. कुनी तुमाला येऊन सांगायचं न्हाई, म्हनून मी सांगते.”

“म्हंजी त्यो कमी व्हत चाललेला हप्ता...” मागून कुणीतरी म्हणालं.

“व्हय, त्योच. हप्ता जेवडा ल्हान, तेवडं कर्ज लांबत व्हतं. हसायचं असंल तर हसून घ्या.”

दोघीतिघींनी पदर तोंडाला लावला. पण चंपा हसली नाही. ती पुढं सरकली. “आक्का, नियम हाय, इचारनार. पुन्यांदा हाड मोडलं तर हप्त्याचं काय?”

“पुन्यांदा मोडलं तर तसंच ठिवनार.”

आता मात्र सगळा विहार हसला. आक्काबाईसुद्धा.

“जामीन कोन?” चिमाबाईनं विचारलं.

“मी,” चंपा म्हणाली.

आक्काबाईनं तिच्याकडे बघितलं. “चंपे, मी तुला काय बोललेवते, आटवतंय का?”

“न इसरन्यासारकं बोलला तुमी. रात्रभर रडले. पर झापलं म्हनून तर फिटलं माजं, न्हाईतर अजून बुडलेलीच असते.”

दुसऱ्या जामिनासाठी चिमाबाईनं स्वतःच हात वर केला, दुसऱ्या हातानं नोटा मोजत.

मग कोपऱ्यातली सुषमा चाचरत बोलली. “आक्का, आमच्या दत्तानं बी फ्रिजसाटी असलंच कार्ड घासलंय. त्यो बी कमीत कमीच भरतोय वाटतं.”

“उद्या त्याला फोन घेऊन आमच्याकडं धाड,” आक्काबाई म्हणाली. “माजी सून हाय ना. ती नीट वाचून सांगती. तीनदा इचारलं तरी चिडत न्हाई.”

बाहेर पायरीवर मानसी चपला सांभाळत बसली होती. तिनं ते ऐकलं. लग्नानंतरच्या चार वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. ती मान खाली घालून उगाचच चपलांच्या जोड्या नीट लावू लागली.

चिमाबाईनं वही आक्काबाईपुढं सरकवली. पानाच्या तळाला, अध्यक्षांच्या ओळीवर, तिच्या शेकडो सह्या त्या वहीत होत्या. आज चिमाबाईनं बोट ठेवलं ते वर, कर्जदाराच्या ओळीवर. आक्काबाई खाली बसली, पाय लांब केला, आणि एकेक अक्षर काढू लागली. पंख्याच्या वाऱ्यानं पान उचलायला लागलं. चंपानं त्यावर आपला तळहात दाबून धरला आणि सही पुरी होईपर्यंत काढला नाही.