जित्या माणसाची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. सागवानी, ताठ पाठीची, दोन्ही बाजूंना हात असलेली. किल्लारीकडे जाणाऱ्या सडकेपासून आत एक गल्ली आहे, तिथे साखराबाईच्या ओट्यावर मी असते. बोलायचं मनात नव्हतं. पण माणसांचं वागणं बघून बघून माझ्या खिळ्यांनासुद्धा राग आलाय.

मला मलप्पा सुताराने किराणा दुकानदार गुरुपादप्पांसाठी बनवलं. त्यांची कंबर दुखायची, म्हणून माझी पाठ सरळ ठेवली. माझ्यावर बसून ते गूळ तोलायचे आणि गिऱ्हाईक गेलं की शेजारच्या साखराबाईकडून त्याच्या घरची सगळी हकीकत काढून घ्यायचे. तिला कुणाच्या चुलीवर काय आहे ते वासावरून कळायचं, आणि कळलं की सांगितल्याशिवाय तिला जेवण जायचं नाही.

पुढे गुरुपादप्पा लिंगैक्य झाले. त्यांच्या समाजात गेलेल्या माणसाला आडवं करून नेत नाहीत. आंघोळ घालून, कपाळी भस्म लावून बसवतात, फुलांनी सजवतात आणि बसल्या स्थितीतच मातीआड करतात. त्या दिवशी बसवायला मीच हाताशी होते. बांबू बांधून मला उचललं. वाटेत लोक हात जोडून उभे राहिले. मला त्याचं वाईट वाटलं नाही. ज्याचा जन्म माझ्यावर गेला, त्याला शेवटी मीच पोचवून आले.

वाईट नंतर झालं. गल्लीत कुणी गेलं की, "गुरुपादप्पांकडची खुर्ची आणा." एरवी मात्र माझ्यावर कुणी टेकेना. पाहुणा आला तरी ज्वारीच्या पोत्यावर बसायचा.

गुरुपादप्पांची बायको गुरम्मा तेवढी बसायची. तिला दम लागायचा, पाय सुजायचे. आडवी झाली की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. मग ती उठून माझ्यावर यायची, माझ्या दोन्ही हातांवर आपले हात टेकायची, आणि हळूहळू श्वास जागेवर यायचा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं होतं, "हृदय कमजोर आहे. दम वाढला की आडवं करू नका, बसवा, आणि लगेच लातूरला न्या." मुलगा बसवराजने मान हलवली. सून शरणम्मानेही हलवली. माणसांची मान फार सहज हलते.

लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. जिल्हा नवा, दुष्काळ मात्र ओळखीचा. त्या उन्हाळ्यात सकाळी टँकर गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबायचा आणि घागरींची रांग आमच्या दारापर्यंत लागायची.

अशाच एका सकाळी गुरम्माचा दम वाढला. ओठ निळे पडले. बसवराज धावत जाऊन जीप घेऊन आला, पण टँकर आडवा. जीप आत येईना. "उचलून न्यावं लागंल," म्हणत त्याने बाज ओढली.

"झोपवू नको रं," गुरम्मा एकेक शब्द तोडून म्हणाली. "खुर्चीत... बसव."

"आई, खुर्चीत कसं? लोक काय समजतील?"

"समजू दे काय समजायचं ते." साखराबाई घागर टाकून आलीच होती. "तुमच्यातलं मला कळत न्हाई. पर अक्का सोताच्या तोंडानं खुर्ची मागून राहिली. उचल."

उचललं. एका बाजूने बसवराज, दुसऱ्या बाजूने जीपवाला, पुढे वाट काढत साखराबाई. गुरम्माची पाठ माझ्या पाठीला लागलेली. तिचा श्वास मला लाकडात जाणवत होता. कष्टाचा होता, पण चालू होता.

मग रांगेने आम्हाला पाहिलं.

एकीने घागर खाली ठेवून हात जोडले. तिचं बघून दुसरीने. टँकरची नळी धरलेल्या माणसाने टोपी काढली, पाणी तसंच वाहत राहिलं. रांगेतल्या कमलम्माने तर तोंडाला पदर लावून सूर काढला, "गेली गं माझी अक्का."

"मी हाय... की," गुरम्मा म्हणाली. "पाणी बंद करा मेल्यांनो. वाया चाललंय."

"ऐका," साखराबाई म्हणाली. "मुडद्याचा पाण्यावर डोळा हाय."

दोघीचौघी हसल्या. बसवराज हसला नाही. सगळी गल्ली हात जोडून त्याच्याकडे बघत होती. आईची जितेपणी अंत्ययात्रा काढल्यासारखं झालं त्याला. त्याने मला खाली ठेवलं.

"बाज आणा."

"बसवराज, लेकरा, ती बघ जीप दिसून राहिली," साखराबाई म्हणाली.

"मावशी, तुमच्यात न्हाई हे. मला ह्याच गावात राहायचंय."

बाज आली. गुरम्माने माझा हात घट्ट धरला होता. शरणम्माने रडत रडत तिची बोटं सोडवली. मला रस्त्यात ठेवून ते गेले. जीपपर्यंत आडवी, जीपमध्येही आडवी. त्या जीपमध्ये औषध कुठलं? स्टेपनी होती आणि कडब्याचा वास. गुरम्माजवळ उपाय म्हणून एक बसणंच होतं. तेही काढून घेतलं.

बसवून नेलं असतं तर वाचली असती, असं मी छातीठोक सांगत नाही. लातूर लांब होतं. पण श्वासाला वाट तरी मिळाली असती.

दुपारी जीप परत आली. लातूर गाठलंच नव्हतं.

टँकर गेल्यावरच्या चिखलात मी तशीच उभी होते. बसवराजने मला धुतलं, पुसलं, फुलं बांधली. मग गुरम्माला माझ्यावर बसवलं. ताठ, तिला हवं होतं तसं. आता कुणाची हरकत नव्हती. लोकांनी पुन्हा हात जोडले. या वेळी तिने कुणाला शिव्या दिल्या नाहीत.

नंतर साखराबाईने मला मागून घेतलं. रोज ओट्यावर माझ्यात बसून भाजी निवडते, आल्यागेल्याला बसायला लावते. "बस की. चावती का ती?" काही जण बसतात, कडेकडेला, पळायच्या तयारीत. बसवराज मात्र उभ्याउभ्याच बोलतो. हल्ली पाण्याची घागर आणली की त्यालाही धाप लागते. साखराबाई उठते, मला पुढे सरकवते. तो खांबाला टेकतो.

रीत मोडा असं मी म्हणत नाही. ज्या दिवशी ते काम असेल, त्या दिवशी मी मुकाट येईन, फुलं माळून. पण कुणाला दम लागला आणि तो बसवा म्हणाला, तर त्याचं ऐका. लोकांच्या हातांकडे बघू नका. मला आधी बोलवा.

नंतर तर मी येतेच.