कोणी अडवणार नाही असा रंग

शाळेच्या वादविवादात पहिली आल्यापासून केतकीच्या तोंडाचा पट्टा जो सुटला तो सुटलाच. घरातलं कुठलंही काम अंगावर घ्यायला ती एका पायावर तयार. त्यामुळे बाबा जेव्हा म्हणाले, "गाडीचा रंग तू बघ केतू. असा निवड की एकही पोलीस मान वळवून बघणार नाही," तेव्हा तिने ते वरच्या वर झेललं. बाबांचा स्वतःचा पाय रंगाच्या दुकानाकडे वळत नव्हता.

गाडी पोपटी होती. भडक, कच्च्या कैरीने लाजावं अशी. मुळातली चंदेरी, पण अमेयदादाने नोकरी लागल्या लागल्या ती पोपटी करून आणली आणि आरसीवर नोंद बदलायचं मात्र "करू गं निवांत" म्हणत टाळलं. कागदावर चंदेरी, रस्त्यावर पोपटी. मग काय, होशंगाबाद रोडच्या सिग्नलवरचा मिशीवाला हवालदार शिट्टी फुंकून त्याला हमखास बाजूला घ्यायचा.

"आ गया तोता."

"आ गया, सर," असं दादा म्हणायचा आणि दोघंही हसायचे. कधी चलान, कधी नुसतीच कानउघाडणी.

पावसाळ्यात दादाला डेंग्यू झाला. गणपती बसायच्या आत तो गेला.

त्यानंतर बाबांनी पहिल्यांदा गाडी काढली ती आईला आनंद नगरला, तिच्या शाळेत सोडायला. केतकी मागे बसली होती. तोच सिग्नल, तीच शिट्टी. हवालदाराला बिचाऱ्याला काय ठाऊक? खिडकीशी वाकून, मिशीत हसत तो म्हणाला, "आज पापा चला रहे हैं? लड़के को भेजो ना. बहुत दिन से छुपा बैठा है."

आई दार उघडून उतरली आणि भर रहदारीतून चालत सुटली. चप्पल तुटली, तरी थांबली नाही.

तेव्हापासून ती या गाडीत बसली नव्हती. घरून, बाग सेवनियाहून, शाळेला जाताना बस बदलत, उभ्याने, पाय सुजवून जायची. तिने पुन्हा गाडीत बसावं, एवढंच बाबांना हवं होतं. केतकीलाही.

जवाहर चौकामागे डेंटिंग-पेंटिंगवाला नितीन म्हणाला, "सफेद करा लो दीदी. सफेद को कौन देखता है."

पण केतकी तयारीनिशी आली होती. पांढरी केली तर आरसीशी पुन्हा जुळणार नाही, म्हणजे पुन्हा शिट्टी. चंदेरीच हवी, असं तिने ठणकावून सांगितलं. मग रंगांचं कार्ड चाळताना तिचं बोट एका तुकड्यावर अडलं. चंदेरीच, पण तिरपं धरलं की त्यात हिरवी झाक यायची. तिने हळूच विचारलं, "भैया, ये भी सिल्वर ही हुआ ना?"

"छाँव में सिल्वर. धूप में पकड़ी जाओगी."

तिने कार्ड मिटलं. साधी चंदेरी.

"दरवाज़े के अंदर की पट्टी पुरानी रहने दूँ? बाहर से दिखती नहीं."

केतकीने एक क्षण विचार केला. आई दार उघडणार, आणि ते पोपटी एकदम तिच्या डोळ्यांत घुसणार. नको. "सब कर दो भैया. अंदर, डिक्की में, बोनट के नीचे. एक बूँद नहीं दिखनी चाहिए."

नितीनने पॉलिशपेपरची मशीन लावली. पोपटी भुकटी उडाली, तिच्या शाळेच्या बुटांवर बसली. ती पाय आपटून झटकत बाहेर आली. काम फत्ते झाल्यासारखं तिला वाटत होतं.

गाडी घरी आली तेव्हा आई आपणहून खाली उतरली. सगळ्या बाजूंनी फिरून बघितलं तिने. मग पुढचं दार उघडून वाकली आणि आतल्या पट्टीवरून बोट फिरवलं. नखाने जरासं खरवडलं.

"इथेसुद्धा?"

"हो मग. मी मुद्दाम सांगितलं आतूनही कर म्हणून," केतकी म्हणाली. "कुठेच राहिलेला नाही, आई. डिक्कीतसुद्धा नाही."

आई डिक्कीकडे गेली. ती उघडून बघितली. बंद केली. "बरं केलंस," असं म्हणून ती पुढच्या सीटवर बसली. आणि केतकीला पहिल्यांदाच कळलं की आई काय शोधत होती.

सिग्नलवर तोच हवालदार होता. त्याची नजर गाडीवरून पाण्यासारखी घसरली आणि मागच्या बुलेटवर गेली. बाबांनी सुस्कारा सोडला.

"अहो, पुन्हा एकदा फिरवून आणा," आई म्हणाली.

"आता?"

"आणा ना."

बाबांनी वळसा घेतला. या खेपेला हवालदाराने पाहिलंही नाही. आईने काच खाली केली.

"भैया, ये वही गाड़ी है. तोता."

तो हसत जवळ आला. गाडी बघितली, आईला बघितलं, आणि ओळख पटली तसं त्याचं हसू मावळलं. कुणीतरी त्याला दादाचं सांगितलं असावं. त्याने टोपी काढून हातात घेतली.

"अच्छा किया, बहनजी," तो हळू आवाजात म्हणाला. "अब आपसे कोई नहीं पूछेगा."

आईने मान हलवली. मागे हॉर्न वाजायला लागले. शब्दांची राणी केतकी मागच्या सीटवर खाली मान घालून बसली होती. बुटाच्या शिवणीत अडकलेल्या त्या पोपटी रेघेपासून तिने दुसरा पाय हळूच बाजूला घेतला, ती पुसली जाऊ नये म्हणून.

"चला हो," आई म्हणाली. "उशीर होतोय."

काच मात्र तिने उघडीच ठेवली.