सुतळीच्या पल्याडचं पाणी

कामठ्याच्या भैय्यालाल मालगुजारानं डोळे मिटले, आणि तेरवीच्या उष्ट्या पत्रावळी उचलायच्या आधीच त्याच्या दोन लेकांनी वाटणी मांडली. भाताच्या बांध्या वाटल्या, बैल वाटले, शंभर माणसांची पितळी परात मधोमध चिरून अर्धी-अर्धी नेली. त्या परातीत पुन्हा कधी पीठ मळलं गेलं नाही. राहिली ती मोटर. दोन माणसांची, बिनछताची, शर्यतीची विलायती मोटर. खाणीचा गोरा साहेब देश सोडून जाताना भैय्यालालनं हौसेनं घेतलेली. ती काही चिरता येईना. मग नाकापासून शेपटापर्यंत तिच्यावर सुतळी ताणली. डावी कूस थोरल्या जीवनलालची, उजवी धाकट्या इंदरलालची. शेताच्या बांधाला तिकडं धुरा म्हणतात; त्या सुतळीलाही घर धुराच म्हणू लागलं. धुऱ्याच्या दोन्ही बाजूंनी कोंबड्या मात्र सारख्याच हगत होत्या.

धुऱ्याचं मोल गावाला ठाऊक होतं. गेल्या आषाढात उदाराम गड्याच्या हातून इंदरलालच्या बांधीतलं वीतभर पाणी थोरल्याच्या बांधीत उतरलं, तर इंदरलालनं त्याचं मनगट दगडावर ठेवून कुऱ्हाडीच्या पाठीनं ठेचलं. उदाराम तेव्हापासून डाव्या हातानं जेवतो.

सहा वर्षं मोटर तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, मांडवाखाली उभी होती. त्रेपन्न सालच्या माघात जीवनलालच्या लेकीला पाहुणे यायचे ठरले, तेव्हा त्यानं गोंदियाहून बकारामला बोलावलं. बकाराम म्हणजे रेल्वेच्या डब्यांना रंग देण्यात हयात गेलेला म्हातारा. या मोटरीला डाळिंबी रंग त्यानंच चढवला होता. अकरा हात दिले होते, आणि दर हातामागं घासणी. उन्हात उभी केली की डोळ्याला चटका बसे अशी तिची लाली. आता त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. उजव्यानं नुसतं धुकं, डाव्यानं थोडं जग. ते मिटायच्या आत ती लाली एकदा, आख्खी, बघायची होती. तेवढ्यासाठी तो आला.

त्यानं तणस ओढलं. रंगावर पांढुरकी साय धरली होती. विष्ठेनं खड्डे पाडले होते, उंदरांनी गादी कुरतडली होती.

"माह्याच बाजूले हात लावायचा," जीवनलाल म्हणाला. "डावी कूस रस्त्याकडं करून उभी करतो मी. फडका सुतळीच्या पल्याड गेला त धाकल्याले फुकटचा उजाळा भेटन."

इंदरलाल ओसरीवर बसला होता, कुऱ्हाड मांडीवर. "फुकटचा कायले? हात लावला म्हंजे कब्जा. उद्या म्हणन, मशागत म्या केली, मोटर माही. बकाराम, तू बाबाचा माणूस होयस. उदारामचा हात पाह्यला नं तू?"

"पाह्यला, धाकले मालक. पन रंग एकच हाये. अर्धा उजळला त बाकीचा मेल्यावानी दिसन."

"मरू दे," दोघंही एकदम म्हणाले. तेवढ्यापुरते ते भाऊ वाटले.

बकाराम कामाला लागला. रिठ्याच्या पाण्यानं मळ सोडवला. पाय घासतात त्या झाव्याच्या दगडाची पूड तेलात कालवली, नमद्याच्या, जाड दाबीव लोकरीच्या, तुकड्यानं घासू लागला. घासणं म्हणजे मारच असतो. नेमका कुठं थांबवायचा ते हाताला कळावं लागतं. पुडीचं काम थांबलं की वस्त्रगाळ केलेली धानाच्या कोंड्याची राख, तळहातानं, गोल गोल, बाळाची टाळू चोळावी तशी. दुसऱ्या दिवशी डाव्या कुशीवरची कोळ्याच्या जाळ्यासारखी ओरखड्यांची नक्षी विरली. तिसऱ्या दिवशी डाळिंब फुटलं. सुतळीच्या अलीकडं पेटलेलं, पलीकडं राखेचं.

तिसऱ्या दुपारी राख धुवायला त्यानं बोनटावर तांब्या ओतला. अंगणाला उतार होता, आणि डाव्या कुशीपेक्षा उजवी चार बोटं खाली होती. तीन दिवस तो ओल्या फडक्यानंच टिपत आला होता; आज हात दमला, उतार ध्यानात राहिला नाही. पाणी सुतळीखालून निघालं आणि इंदरलालच्या बाजूवरून सापासारखं खाली गेलं. जिथून गेलं तिथली साय फाटली. आत लाल.

तिथं थांबायला हवं होतं. पण एका डोळ्याच्या त्या म्हाताऱ्याला ती लाल रेघ जिवंत दिसली. त्यानं तेलाचा फडका उचलला आणि सुतळीपलीकडं चार बोटं फिरवला.

"पानी सोडून राहिला माह्या बाजूनं," इंदरलाल म्हणाला. आवाज चढलाच नाही. ओसरीवरून तो उतरला तेव्हा कुऱ्हाडीचं पातं पुढं होतं, पाठ नव्हे.

बकारामचा हात अजून बोनटावरच होता. जीवनलाल मध्ये आला, मोटर सुरू करायचं लोखंडी हँडल मुठीत. म्हाताऱ्याच्या मायेनं नव्हे. "माह्या बाजूवर उभा हाये तो. इकडं पाय टाकू नोको."

इंदरलालनं पाय टाकला. कुऱ्हाड जीवनलालच्या मानेत, खांद्याच्या वर, ओल्या बाभळीत बसावी तशी बसली. त्यानं पडता पडता हँडल फिरवलं. इंदरलालचा जबडा फुटला, दात बकारामच्या पायाशी उडाले, डोळा मिटला तो कायमचा. मग जीवनलाल बोनटावर पालथा झाला. घसरताना त्यानं सुतळी मुठीत धरली होती. रक्त आधी डाव्या कुशीवरून गेलं, मग उतार गवसला आणि धुऱ्याखालून पलीकडं गेलं.

दोघांना दोन बैलबंड्यांतून गोंदियाला नेलं. नागऱ्याच्या देवळाजवळ जीवनलालची बंडी थांबली ती तिथूनच माघारी फिरली. इंदरलालची पुढं गेली, शिपाई बसवून.

पंचनामा होईस्तोवर मोटरीला हात लावू नये असा हुकूम झाला. बकाराम दोन दिवस मांडवाच्या खांबाला टेकून बसला. रंगावरचं रक्त लगोलग टिपायला हवं, नाहीतर ते आत खातं, हे त्याला ठाऊक होतं. तो हात बगलेत दाबून ते खाणं बघत राहिला.

शिपाई गेले तशी कुंताबाई बाहेर आली. भैय्यालालची बायको, त्या दोघांची आई. तिनं स्वतः सुतळी तोडली.

"बकाराम, आता कोन तुहा हात धरते? आख्खी कर."

"बाई, माह्याच हातानं झालं हे."

"तुह्या हातानं पानी गेलं. कुऱ्हाड म्या जन्मवली. कर."

चार दिवस त्यानं केलं. दोन्ही कुशी पेटल्या. पाचव्या सकाळी मोटर उन्हात ओढली, आणि त्याच्या उरल्या डोळ्याला तो जुना चटका बसला. फक्त मधोमध, रक्तानं भिजलेली सुतळी जिथं वाळली होती तिथं, पीळ न् पीळ उमटलेली एक काळसर रेघ होती.

"घास," कुंताबाई म्हणाली.

बकारामनं रेघेवरून अंगठा फिरवला. अकरा हातांपैकी तिथं आता एक उरला होता, पातळ, कांद्याच्या पापुद्र्याएवढा. खाली लोखंड.

"आता घासलं त पत्रा निंगन, बाई."

 कुंताबाई पदराचं टोक रिठ्याच्या पाण्यात बुडवून स्वतःच रेघेवर वाकली, आणि बकारामनं तिचं मनगट धरलं.