पुन्हा आठ बात्स कधी?

उत्तर तुम्ही चुकीचं छापलंत आणि शून्य आमच्या पोरीला दिलंत. हो, तुम्हालाच म्हणतेय, राजधानीत बसून सहावीचे पेपर काढणाऱ्यांना.

यंदा तुम्हाला आमच्या पूर्वजांचा, त्यांच्या पंचांगाचा पुळका आला. गणितात ‘जुन्या काळची उदाहरणं’ घातलीत. त्यातलं एक: ‘एका विणकरणीने आठ बात्स या दिवशी माग लावला. पुन्हा आठ बात्स किती दिवसांनी येईल?’ माझ्या भाचीनं, तोमासानं, लिहिलं २६०. तुमच्या छापील उत्तरात १६०. पंचांगात दिवसांची नावं वीस, बात्स त्यातलं एक, म्हणून आठ गुणिले वीस करून मोकळे! दहा गुण गेले, पोरगी पंचावन्नावर अडकली. साठ नाहीत तर केत्साल्तेनांगोच्या शाळेत जागा नाही.

मोमोस्तेनांगोत तपासणीला आलेल्या तुमच्या साहेबांना आम्ही बायकांनी शाळेच्या अंगणातच गाठलं.

“बाई, छापील उत्तर आहे. मी काय करणार?”

“साहेब, मोजून दाखवू?” तोमासानं विचारलं, आणि होकाराची वाट न बघता माझ्या झोळीतले घेवड्याचे दाणे घेऊन खाली बसली. “वीस दिवसांनी बात्स येतोच. पण नावाबरोबर आकडाही रोज एकानं पुढे सरकतो, आणि आकडे तेराच. तेरा झाले की परत एक. म्हणून पहिल्या विसाला येतो दोन बात्स.” एक दाणा ठेवला. “मग नऊ. मग तीन.”

अंगणातल्या बायकांना पुढे मोजायला कुणी सांगावं लागलं नाही. “दहा! चार! अकरा! पाच!” साहेब बोटांवर मोजायला गेले आणि दोनदा चुकले.

आठव्या दाण्यावर तोमासा थांबली. “हा तुमचा एकशेसाठावा दिवस. बारा बात्स आहे. आठ कुठाय?”

“अगं, त्यांना त्रास देऊ नकोस,” आमची सुईण नान लुसिया म्हणाली. “बाळाचे दिवस मी ह्याच फेरीवर मोजते, साहेब. तुमच्याकडे एकशेसाठ दिवसांत होतात वाटतं? मग तुमची बायको फार सुखी!”

साहेबसुद्धा हसले. दाणे पुढे सरकले. सहा, तेरा, सात, एक करत करत तेराव्या दाण्याला अख्खं अंगण ओरडलं, “आठ!” तेरा विसा, दोनशेसाठ. शेजारच्या मागांचा खटखटाट थांबला, इतका गलका.

साहेबांनी तिथंच लाल पेन काढलं. शून्य खोडलं, दहा लिहिले, सही केली. पासष्ट! तोमासाला बायकांनी खांद्यावर घेतलं. पोरगी वरूनच ओरडत होती, “माझा पेपर चुरगाळू नका!”

आमचं काम झालं. तुमचं नाही. हाच पेपर डोंगरातल्या सगळ्या शाळांत गेला होता. जिथं पोरांनी २६० लिहिलं आणि मोजून दाखवायला कुणाला गाठता आलं नाही, त्यांचं काय? त्यांचे पेपर परत कधी तपासताय? तारीख सांगा, आणि लेखी सांगा.