मांजरीनं फोडला

कपाचा कान... निळ्या रेघेचा, तुटल्या जागी खरखरीत. पिठाच्या डब्यात हात घातला तर पिठाआधी तोच बोटांना लागला. बाकीचा कप सकाळीच ओट्याखाली तुकडे होऊन पडलेला दिसला होता, आणि लेक म्हणाली होती, "मांजरीनं फोडला." मांजरीची रवानगी लगेच दाराबाहेर झाली होती. पण मांजर काही कान पिठात पुरून ठेवत नाही. बेकरीवालीला आधी राग आला – तिच्या आईचा उरलेला एकुलता एक कप होता तो – आणि मग राग मध्येच थबकला. म्हणजे ही खोटं बोलली? माझी लेक? तिनं कान ॲप्रनच्या खिशात टाकला आणि कणीक मळायला घेतली.

लेक पंचवीस वर्षांची, पण बुद्धीनं लहानच राहिलेली. वेणी अजून आईच घालून देते. ही लहान असतानाच फादर म्हणाले होते, बरंवाईट कळायचं वय प्रत्येक मुलाला कधीतरी येतं, तिथून पुढे ज्याचं पाप त्याला लागतं. हिला ते वय येणारच नाही, हिचा स्वर्ग ठरलेला. केवढा आधार वाटला होता तेव्हा... आणि तरी तळाशी काहीतरी सलतच राहिलं – माणसांच्या रांगेतून लेकीला हळूच बाजूला काढून बसवल्यासारखं. प्रेमानंच, पण बाजूला.

दुपारी लेकीनं पानाला हात लावला नाही. बाहेर मांजर ओरडत होती. लेक एकदा दाराकडे, एकदा आईकडे बघत राहिली.

"तिला आत घे. मी फोडला."

"मग सकाळी का नाही सांगितलंस?"

"तू रडली असतीस."

बेकरीवालीनं भट्टीकडे तोंड फिरवलं. मी कान दाखवलाही नव्हता, विचारलंही नव्हतं... हिचं हिला टोचलं. आईच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

संध्याकाळी फादर पाव न्यायला आले. "काय म्हणतंय देवाचं लेकरू?"

"खोटं बोललं आज," ती म्हणाली, लेक परीक्षेत पहिली आल्याचं सांगावं तशी. "आणि आपणहून कबूलही केलं."

फादर हसले. "तिला कुठे कळतंय."

"कळतं, फादर."

त्यांचं हसू ओसरलं. "बघा हं. कळतं म्हटलं, की लागतंही."

"लागू दे."

ते गेल्यावर ती दारातच उभी राहिली. काय बोलून बसले मी... ठरलेला स्वर्ग, आपल्या माघारी लेकीला उरणारा तेवढाच एक भरवसा, आणि तो मी पावाच्या पुड्याबरोबर परत करून टाकला? इतकी वर्षं लेकीसाठी प्रार्थनेत ती नुसते आभार मानत आली होती. आज माफी मागावी लागणार, सगळ्यांच्या आया मागतात तशी. भीती वाटत होती, खूप वाटत होती. पण खिशातला कान मुठीत धरून ती उभी होती, मान ताठ होती, आणि ती खाली घालावी असं काही केल्या वाटेना.